जाणणाऱ्यांची गैरहजेरी

इंग्रजी विकिपीडियावर जुलै २००७ मध्ये डिचोलीच्या एका युद्धाचा लेख चढला. १६४० ते १६४१ या काळात गोव्याचे पोर्तुगीज राज्यकर्ते आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोली भागात संघर्ष झाला, त्याची कारणं अमुक, लढायांचा क्रम तमुक, शेवटी तह झाला तो असा, हे सगळं त्यात नीट मांडलेलं होतं. लेख साडेचार हजार शब्दांच्या आसपास. तळटीपा होत्या, संदर्भग्रंथांची नावं होती, भाषा विद्यापीठी वळणाची होती. सप्टेंबरात त्याला ‘चांगला लेख’ हा दर्जाही मिळाला. परीक्षण करून दिला जाणारा हा दर्जा तिथल्या फार थोड्या लेखांच्या वाट्याला येतो. पुढे पाच वर्षं लेख तो मिरवत राहिला. डिसेंबर २०१२ मध्ये एका संपादकाने संदर्भग्रंथ शोधायला घेतले, तेव्हा ते कुठेच सापडेनात. ते ग्रंथ नव्हतेच, आणि युद्धही झालं नव्हतं. लेख काढून टाकला गेला, त्याची बातमी झाली, आणि ज्यांनी डिचोलीचं नाव कधी ऐकलं नव्हतं त्यांच्या कानांवर ते एका न झालेल्या लढाईपायी पडलं. (डिचोलीत त्या वर्षी खरा झगडा चालू होता तो खनिजाचा. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पाठोपाठ ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. त्या झगड्याला बनावट तळटीपांची गरज नव्हती.)

मुक्त सॉफ्टवेअरला कोड कसा द्यावा, तोही टर्मिनलवर गिट या आवृत्ती-नियंत्रणाच्या साधनाच्या आज्ञा टंकून, हे शिकवणाऱ्या पुस्तकाची प्रस्तावना या लेखापासून सुरू करायचं कारण त्या लेखातल्या पहिल्याच तारखेत आहे. १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते. राज्याभिषेक व्हायला अजून चौतीस वर्षं अवकाश होता आणि डिचोली विजापूरच्या आदिलशाहीत होती. पोर्तुगिजांशी लढायला मराठा साम्राज्य नावाचं काही तेव्हा उभंच नव्हतं. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार महाराजांनी केला तो १६६८ मध्ये, आणि तसा शिलालेख देवळात आहे. पेडण्यातला हळर्णचा किल्ला पोर्तुगिजांनी घेतला तो १७४६ मध्ये. डिचोली आणि पेडणे कायमचे त्यांच्या ताब्यात गेले ते अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत, म्हणून तर या तालुक्यांना नव्या काबिजादी म्हणतात. गोव्याच्या पुराभिलेखागाराचे प्रमुख राहिलेले पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज-मराठे संबंधांवर केवढं काम करून ठेवलं आहे, आणि त्यातला महत्त्वाचा ग्रंथ चक्क मराठीत आहे. लेख खोटा ठरवायला लागणारी माहिती दुर्मीळ नव्हती. डिचोलीच्या कुठल्याही माध्यमिक शाळेतल्या इतिहासाच्या शिक्षकांनी पहिल्या परिच्छेदावरच बोट ठेवलं असतं. पान पाचही वर्षं कुणालाही दुरुस्त करता येण्यासारखं होतं. प्रत्येक बदल कुणी केला, कधी केला, आधी काय होतं, याची नोंदही पहिल्या दिवसापासून शाबूत होती. उघडं दार होतं, दप्तर होतं, परीक्षकही होते. ज्यांना विषय माहीत होता ते मात्र तिथे नव्हते.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढचं सगळं त्याच्या पुराव्यासाठी आहे. एखादी गोष्ट सर्वांना खुली असली म्हणून ती तपासली जाते असं नाही. तपासणारा तो विषय जाणणारा असावा लागतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत पेडणे-डिचोलीच्या माणसाची भाषा, नावं, कागद आणि व्यवहार यांविषयी जाणणारा तोच आहे. त्याच्या वतीने फिनलंडमधला किंवा कॅलिफोर्नियातला कुणी ते बघणार नाही, बघितलं तरी त्याला दिसणार नाही. म्हणून त्याने स्वतः आत जायला हवं, आणि आत जाण्याची सर्वांत भरवशाची वाट आज तरी कमांड लाइनवरून जाते.

यावर पहिली शंका रास्त आहे. विश्वकोश आणि कोड एका मापाने कसे मोजायचे? लेखातला खोटेपणा कुणी ग्रंथालयात जाईपर्यंत लपून राहतो, कोड मात्र चालवून बघता येतो. चुकला तर संगणक तिथल्या तिथे सांगतो. हे अर्धं खरं आहे. संगणक व्याकरण तपासतो, हेतू तपासत नाही. मार्च २०२४ मध्ये हे सगळ्या जगाला दिसलं. एक्सझेड नावाचं फाइली दाबून लहान करण्याचं एक साधन आहे, जवळपास प्रत्येक लिनक्स संगणकावर असणारं. लासे कोलिन हे गृहस्थ ते बरीच वर्षं बिनपगारी सांभाळत होते. २०२१ पासून जिया टॅन या नावाने एक जण तिथे येऊ लागला. लहानसहान, उपयोगी, नीटनेटके बदल पाठवू लागला. कामाला वेग येत नाही म्हणून काही अनोळखी नावं कोलिन यांच्यामागे लागली, आणि हळूहळू या मदतनिसाच्या हाती किल्ल्या आल्या. मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमधून त्याने एक चोरदरवाजा सोडला. त्या साधनाच्या सगळ्या चाचण्या पास होत होत्या. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंता. दूरच्या संगणकात शिरताना नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी धागा सोडला नाही आणि २९ मार्चला जगाला सावध केलं. त्या यंत्रणेला किती वेळ लागायला हवा हे माहीत असलेला माणूस तिथे होता, म्हणून ते सापडलं. डिचोलीच्या लेखाला असा वाचक मिळायला पाच वर्षं लागली, एक्सझेडला काही आठवडे.

या प्रकरणातला एक तपशील आपल्या विषयाच्या अगदी गाभ्यातला आहे. चोरदरवाजाचा घातक ऐवज चाचणीसाठीच्या फाइलींमध्ये लपवून रेपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या सामायिक कोठारात, ठेवला होता. तो ऐवज जागा करणारी कळ मात्र रेपॉझिटरीत नव्हती. ती फक्त प्रकाशित केलेल्या बांधीव गठ्ठ्यात होती, जो लोक उतरवून घेतात त्यात. ज्याने हे रचलं त्याला ठाऊक होतं की गिटमध्ये टाकलेली ओळ वाचली जाण्याची शक्यता आहे, कारण गिट बदल सुटा करून समोर ठेवतं. निर्णायक ओळी त्याने त्या नजरेतून चुकवल्या. आवृत्ती-नियंत्रणाची किंमत यापेक्षा स्पष्ट कशाने सांगायची!

तेव्हा गिट काय करतं आणि काय करत नाही, हे नीट बघू. २००५ च्या एप्रिलमध्ये लिनस टॉरवाल्ड्‌स यांनी ते लिहायला घेतलं, कारण लिनक्सच्या कर्नलसाठी वापरात असलेल्या बिटकीपर या खासगी साधनाची फुकट सवलत काढून घेतली गेली होती. काही दिवसांत गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला, आणि त्याच वर्षी जुनिओ हामानो यांनी देखभाल हाती घेतली, ती आजतागायत त्यांच्याकडे आहे. गिटमधली मूळ नोंद म्हणजे कमिट. त्यात त्या क्षणी सगळ्या फाइली कशा होत्या त्याचा दाखला असतो, आधीच्या कमिटचा क्रमांक असतो, बदल कुणी लिहिला आणि कुणी दाखल केला अशी दोन नावं असतात, आणि तो का केला याचा मजकूर असतो. या सगळ्यावरून चाळीस अक्षरी क्रमांक निघतो. मागचं एक अक्षर बदललं तरी तो क्रमांक बदलतो, आणि त्याच्यावर उभे असलेले पुढचे सगळे क्रमांक बदलतात. इतिहास गुपचूप बदलता येत नाही तो यामुळे, आणि ज्यांनी प्रत घेतली त्या प्रत्येकाकडे पूर्ण इतिहास असतो यामुळे. एखादी ओळ शेवटची कुणी बदलली हे ‘गिट ब्लेम’ सांगतं. हजार कमिटांपैकी नेमक्या कुठल्या कमिटने काम बिघडवलं हे ‘गिट बायसेक्ट’ निम्मे-निम्मे करत दहाएक पायऱ्यांत शोधून देतं. ज्याने एकदा बायसेक्ट वापरलं तो छोटे कमिट करायला आपोआप शिकतो, कारण मोठ्या कमिटपाशी शोध येऊन थांबला तर हाती काहीच लागत नाही.

आणि काय करत नाही? लेखक म्हणून दिलेलं नाव खरं आहे का, हे गिट तपासत नाही. सेटिंगमध्ये तुम्ही कुणाचंही नाव टाका, ते मुकाट्याने नोंदवेल. स्वाक्षरी करून कमिट करण्याची वेगळी सोय आहे, पण ती वापरली तरी एवढंच सिद्ध होतं की ही किल्ली ज्याच्याकडे आहे त्याने हे केलं. ते बरोबर आहे असं नव्हे. लिनक्समध्ये २००४ पासून प्रत्येक पॅचखाली, म्हणजे पाठवलेल्या बदलाखाली, ‘साइन्ड ऑफ बाय’ अशी ओळ देण्याची पद्धत आहे. हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, असं ती ओळ लिहिणारा आपल्या नावानिशी सांगतो. ही साक्ष झाली. साक्षीची उलटतपासणी माणसानेच करायची असते.

आता टर्मिनलचा प्रश्न. गिटहबसारख्या संकेतस्थळावर पेन्सिलीचं चिन्ह दाबून फाइल बदलता येते, दुसरं बटण दाबून पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, धाडता येते. मग काळ्या पडद्यावर आज्ञा टंकत बसायचं कशाला, असं कॉलेजातली मुलं विचारतात आणि बरोबर विचारतात. एका शब्दाचं शुद्धलेखन सुधारायचं असेल तर बटणच बरं. पण बदल दोन फाइलींत असेल, तो आपल्या संगणकावर चालवून बघायचा असेल, मूळ प्रकल्प मध्यंतरी पुढे गेला म्हणून आपलं काम त्याच्यावर पुन्हा बसवायचं असेल, तर बटणं अपुरी पडतात. शिवाय बटणं टिकत नाहीत. गिटोरियस २०१५ मध्ये बंद पडलं, गूगल कोड २०१६ मध्ये. गिटहब २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं, आणि त्याचे पडदे तर दर वर्षी बदलतात. ‘गिट कमिट’ मात्र २००५ सालीही तेच होतं आणि आजही तेच आहे. ज्याने आज्ञा शिकल्या त्याला कुठलंही संकेतस्थळ परकं वाटत नाही. आणखी एक साधी गोष्ट: कमिट करायला नेट लागत नाही. आषाढात मोरजी-मांद्र्याकडे लाइन गेली आणि टॉवर झोपला, तरी लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर सगळा इतिहास हाताशी असतो, काम नोंदवता येतं, आणि नेट आल्यावर एका आज्ञेने पाठवता येतं.

पण मला टर्मिनलच्या बाजूचं सर्वांत वजनदार कारण वाटतं ते वेगळंच. ‘गिट ॲड’ला ‘पी’चा पर्याय जोडला की गिट तुमचे सगळे बदल तुकड्यातुकड्यांनी तुमच्यासमोर मांडतं आणि प्रत्येक तुकड्यापाशी थांबून विचारतं: हा घ्यायचा? होय म्हणा, नाही म्हणा, नाहीतर तुकडा अजून लहान करून मागा. तांदूळ ताटात पसरून खडे वेचावेत तसं हे काम आहे. तपासणीपुरती घातलेली आणि चुकून राहिलेली ‘प्रिंट’ची ओळ, एडिटरने आपल्या मनाने बदललेल्या मोकळ्या जागा, दुसऱ्याच कामासाठी केलेली खुडबूड, सगळं या टप्प्यावर डोळ्यांना टोचतं. मग ‘गिट डिफ’ला ‘स्टेज्ड’ जोडून पुन्हा एकदा बघायचं की आपण नेमकं काय पाठवतो आहोत. दुसऱ्याने आपलं काम तपासावं ही अपेक्षा करण्याआधी आपण ते ओळ न ओळ वाचलं पाहिजे, हा शिष्टाचार आहे आणि टर्मिनल तो अंगवळणी पाडतं. बटण दाबणाऱ्याला हे करता येत नाही असं नाही. त्याला ते करावं लागत नाही, एवढाच फरक.

याच टर्मिनलवर आपल्या गैरहजेरीचा एक छोटा पुरावाही मिळतो. देवनागरीत ‘पेडणे’ असं नाव देऊन एक फाइल बनवा आणि ‘गिट स्टेटस’ विचारा. पडद्यावर पेडणे उमटत नाही. उलट्या तिरप्या रेघा आणि आकडे उमटतात: \३४०\२४४\२५२ आणि पुढे तसेच. पेडणे या नावात पाच चिन्हं आहेत, प, ए ची मात्रा, ड, ण, पुन्हा मात्रा. युनिकोडच्या प्रचलित साठवणीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि इंग्रजीच्या बाहेरचा प्रत्येक बाइट गिट आपल्याला आकड्यात दाखवतं. पाच त्रिक पंधरा गट. ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही सेटिंग ‘फॉल्स’ केली की नाव स्वच्छ दिसू लागतं. यामागे आकस नाही. फाइलीचं नाव कुठल्या अक्षर-संकेतनात आहे हे प्रणाली सांगत नाही, जुन्या टर्मिनलांवर भलती अक्षरं गोंधळ घालत, म्हणून सावध पर्याय ठेवला गेला. पण आपोआप मिळणारी मांडणी कुणाच्या सोयीची असते, हे यातून कळतं. जे बनवताना हजर होते त्यांच्या. मराठी विद्यार्थ्याला पहिल्याच तासाला ती सेटिंग सांगावी लागते, इंग्रजी विद्यार्थ्याला ती आहे हेसुद्धा कळत नाही.

असे खड्डे पुष्कळ आहेत आणि त्यांतले बरेच अजून कुणी नोंदवलेलेही नाहीत. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ बसला आहे ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो. मराठीचा क्रम वेगळा कळवण्याची सोय आहे, पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने ती न वापरता सरळ आकड्यांनुसार यादी लावली, की साळगावकर सावंतांच्या आधी येतात. शाळेच्या पटावर, दूध सोसायटीच्या खात्यांत, पंचायतीच्या घरपट्टीच्या यादीत हे होत असेल तर शोधणाऱ्याला नाव सापडत नाही आणि तो समजतो की नोंदच नाही. किंवा गावांची नावं घ्या. पोर्तुगीज वळणाच्या रोमन स्पेलिंगमध्ये साखळीचं सांकेलिम होतं, तुयेचं तुएम, हरमलचं आरंबोल, कोलवाळचं कोलवाले. ही एकाच गावाची दोन नावं आहेत हे कुठल्याही नकाशाच्या किंवा पत्ता शोधण्याच्या प्रोग्रामला कुणीतरी सांगावं लागतं. हेलसिंकीत बसून प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरला हे कळावं अशी अपेक्षा करणं म्हणजे डिचोलीचा इतिहास तपासायला त्यालाच बसवण्यासारखं आहे. इथे मराठी की कोंकणी हा गोव्याचा लाडका वादही जरा बाजूला ठेवावा लागतो. देवनागरीतला दोष एकदा दुरुस्त झाला की तो दोघींसाठी दुरुस्त होतो.

जिथे जाणणारे हजर राहिले तिथे काय झालं, याचेही दाखले आहेत. केरळात २००२ पासून स्वतंत्र मलयालम कंप्युटिंग या गटाने टंक, कळफलक, भाषांतर यांवर सातत्याने काम केलं, आणि तिथल्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर धरलं. मलयाळम संगणकावर नीट दिसते ती आपोआप नव्हे. आपल्याकडे रेड हॅटने २००४ मध्ये लोहित टंक मुक्त परवान्यावर दिले आणि त्यांची पुढची निगा बरीचशी पुण्यातून राखली गेली. मुंबईच्या एक टाइप या गटाने मुक्त हा टंक खुला दिला, जो आज असंख्य मराठी संकेतस्थळांवर आहे. गोव्यातही सुरुवात उशिरा झाली असं नाही. २००० च्या आसपास परदेशातून आलेले वापरलेले संगणक शाळांत लिनक्सवर चालवण्याचे प्रयत्न इथे झाले. गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये कोंकणी विश्वकोश खुल्या परवान्यावर दिला. अलीकडे केअर्स योजनेतून शाळांमध्ये कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवलं जातं, तेही सरकारी शाळांपर्यंत. उणीव आहे ती यापुढच्या पायरीची. आपण वापरायला शिकवतो, बनवायलाही थोडं शिकवतो. दुसऱ्याच्या बांधकामात शिरून एक वीट बदलायला आणि ती का बदलली हे चार अनोळखी माणसांना पटवून द्यायला शिकवत नाही.

यावर एक आक्षेप असा की ही फुकटची वेठ आहे. पेडण्याच्या मुलाने रात्री जागून पॅच लिहायचा आणि अब्जावधींच्या कंपन्यांनी तो वापरायचा. हा आक्षेप मला झटकून टाकता येत नाही. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष उघड झाला, तेव्हा जगातल्या बँका ज्याच्यावर विसंबून होत्या त्या प्रकल्पाला देणग्यांतून वर्षाला दोन हजार डॉलरच्या आसपास मिळत होते. कोलिन यांची गोष्ट वर आलीच आहे. ज्या कामावर जग चालतं त्याला पगार नसावा, हे बरं नाहीच. पण विद्यार्थ्याच्या बाजूने हिशेब वेगळा लागतो. त्याला शिकवणी मिळते ती जगातल्या उत्तम अभियंत्यांची, आणि पुरावा मिळतो तो कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा पक्का, कारण त्याचा प्रत्येक कमिट आणि त्यावरची चर्चा कुणालाही वाचता येते. तुये इथे इलेक्ट्रॉनिक्सची वसाहत आहे, मोपाला विमानतळ २०२३ पासून चालू आहे, तरी तालुक्यातल्या पदवीधराला नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला बहुधा कागदच असतो. आणि मुक्त कोडवर धंदा उभा राहत नाही असंही नाही. मुंबईतल्या फ्रॅपेने ईआरपीनेक्स्ट हे हिशेब-व्यवहाराचं सॉफ्टवेअर जीपीएल या मुक्त परवान्यावर देऊन कंपनी चालवली आहे.

इंग्रजीचा आक्षेप जास्त खोल आहे. या दोन तालुक्यांत प्राथमिक शिक्षण मराठीतून झालेली मुलं भरपूर, आणि जगातले बहुतेक प्रकल्प कमिटचा मजकूर इंग्रजीत मागतात. पण कमिटच्या इंग्रजीची ऐपत फार लागत नाही. पहिली ओळ आज्ञार्थी, पन्नासेक अक्षरांची, मग एक ओळ मोकळी, मग आधी काय होत होतं, का चुकत होतं, आता काय होतं. वाक्यं तीच तीच असतात आणि महिन्याभरात हाताला बसतात. अवघड आहे ते ‘का चुकत होतं’ हे. ते ज्याला मराठीत धड सांगता येत नाही त्याला इंग्रजीतही येणार नाही, आणि ज्याला मराठीत नेमकं सांगता येतं त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी मेंटेनर आनंदाने सुधारून घेतात. वर्गात कमिटचा मजकूर आधी मराठीत लिहून घ्यावा असं मी म्हणेन. गिटला त्याची काही अडचण नाही.

भारतीय विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र एक कडू गोष्ट बोलायला हवी. ऑक्टोबर २०२० मध्ये ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देण्याच्या उपक्रमात हजारो निरर्थक बदलांचा पाऊस पडला. रीडमी (वाचा-मला) फाइलीत एखादं विशेषण घाल, एखादा स्वल्पविराम हलव. त्यातला मोठा वाटा आपल्या देशातून गेला, आणि आयोजकांना काही दिवसांत नियम बदलावे लागले. २०२४ मध्ये एक्सप्रेस या प्रकल्पाच्या दारात असंच झालं. शिकवणीच्या व्हिडिओत दाखवलं म्हणून मुलांनी त्यात आपली नावं घालून पाठवली. ही मुलं वाईट नव्हती. त्यांना आज्ञा शिकवल्या गेल्या, त्या आज्ञांच्या पलीकडे एक माणूस बसलेला असतो आणि त्याचा वेळ जातो, हे कुणी शिकवलं नाही. गिट शिकवणारं कुठलंही पुस्तक या कारणाने धोक्याचं आहे, हेही.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत ताजा. कोड आता यंत्रच लिहून देतं, मग हे सगळं कशाला? यंत्र लिहून देतं हे खरं, आणि म्हणूनच तपासणाऱ्याची ओढाताण वाढली आहे. कर्ल हे साधन सांभाळणारे डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून जाहीरपणे तक्रार करत आले आहेत की सुरक्षेतल्या त्रुटी म्हणून त्यांच्याकडे यंत्राने रचलेले अहवाल येतात. भाषा निर्दोष, मांडणी पद्धतशीर, उल्लेख केलेली फंक्शनं कधी कधी कोडमध्ये नसलेलीच. असा एक अहवाल खोटा ठरवायला अनुभवी माणसाचे तास जातात. पाठवणाऱ्याने तोच दावा आपल्या संगणकावर एकदा चालवून बघितला असता तर दहा मिनिटांत निकाल लागला असता. चांगलं लिहिलेलं म्हणजे खरं, हा समज आता महागात पडतो. जो चालवून बघतो आणि काय दिसलं ते प्रामाणिकपणे लिहितो, त्याची किंमत अशा वेळी वाढते. त्याने कोडची एकही ओळ लिहिलेली नसली तरीही.

म्हणून हे पुस्तक वाचणाऱ्यांनी पॅच लिहिण्याची घाई करू नये असं मला वाटतं. साखळीच्या किंवा विर्नोड्याच्या सरकारी कॉलेजातल्या चार मुलांनी आधी एखादा प्रकल्प निवडावा, जो ती स्वतः वापरतात. त्याची प्रत घ्यावी. दुसऱ्या कुणी पाठवलेला, अजून न स्वीकारलेला बदल ‘गिट फेच’ने उतरवून आपल्याकडे चालवावा, आणि त्यात आपली माहिती भरावी: देवनागरी नावाच्या फाइली, तालुक्यातल्या गावांची दोन्ही नावं, शाळेच्या पटासारखी पन्नास आडनावांची यादी. त्या यादीत साळगावकर सावंतांच्या आधी आले, तर काय टंकलं, काय दिसलं आणि काय दिसायला हवं होतं हे तीन ओळींत लिहून कळवावं. दुरुस्तीचा पॅच त्याच संध्याकाळी जमला नाही तरी चालेल.